ज्येष्ठमधाची कांडी आणि जठराचे अस्तर

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या पोटावर कोणकोणते प्रसंग येतात, याची यादी करण्याची गरज नाही. पहाटे अभ्यंगस्नान उरकून ऊन चढायच्या आत चकली, कडबोळी, चिवडा आणि एखादी करंजी पोटात जाते. दुपारी पाहुण्यांच्या पंगतीत आग्रहाचे जेवण होते. संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरी 'अहो, नको नको' म्हणत आणखी एक बशी रिकामी होते. रात्री छातीत जळजळ सुरू झाली, की घरातले वडीलधारे माणूस फडताळातला डबा काढते. त्या डब्यात ओवा, सुंठ, हिरडा यांच्या सोबतीला ज्येष्ठमधाच्या दोनचार कांड्या हमखास असतात. नव्या संसारात कांड्यांच्या जागी चूर्णाची बरणी आली असेल, इतकाच काय तो फरक.

ही कांडी पोटाला खरोखरच काही करते का, यावर घरोघरी दोन पक्ष पडतात. एका पक्षाला बटव्यातले सारेच अमृत वाटते. दुसऱ्याला तो सगळाच भाबडेपणा वाटतो. मौज अशी, की ज्येष्ठमधाच्या बाबतीत दोन्ही पक्षांची अडचण होते. ते जठरावर काम करते, आणि चांगले जोरकस काम करते, हे युरोपातल्या डॉक्टरांनी क्ष-किरणांच्या चित्रांवर मोजून पाहिलेले आहे. पण ते खरोखर काम करते, म्हणूनच काही घरांत ती बरणी वरच्या फळीवर, हात सहज न पोचेल अशा जागी ठेवणे बरे. हे असे का, ते समजायला आधी जठराच्या आत थोडे डोकवावे लागेल.

आपण मटण खातो ते पचते. बोकडाचे जठर खाल्ले तर तेही पचते. मग आपले स्वतःचे जठर, जे त्याच मांसाचे बनले आहे, ते का पचून जात नाही? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण तो इंग्लंडातल्या जॉन हंटर या थोर शल्यविशारदाने १७७२ साली गंभीरपणे मांडला होता. मृत्यूनंतर काही प्रेतांच्या जठराची भिंत आपल्याच रसाने विरघळलेली त्याला आढळली. म्हणजे जिवंतपणी त्या भिंतीत असे काहीतरी असते, की जे प्राण जाताच नाहीसे होते.

ते 'काहीतरी' आज आपल्याला बरेच कळले आहे. जठरात दिवसाकाठी दीडदोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, संडास धुण्याच्या आम्लाचाच तो सौम्य भाऊ. या रसाच्या आणि भिंतीच्या मध्ये चिकट श्लेष्म्याचा एक थर असतो. जाडीला तो एक मिलिमीटरही नसतो. भिंतीतल्या पेशी या थरात आतून सोड्यासारखा क्षार झिरपवत राहतात. त्यामुळे थराच्या वरच्या अंगाला जळजळीत आम्ल आणि खालच्या अंगाला जवळजवळ साधे पाणी, अशी स्थिती राहते. शिवाय अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. एवढ्या लवकर तर आपण घराला चुनाही लावत नाही. आणि या सगळ्याला रसद पुरवायला खाली रक्ताचा भरपूर प्रवाह वाहत असतो.

श्लेष्मा, क्षार आणि रक्तप्रवाह या तिन्ही कामांवर एक मुकादम असतो. त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन. हे द्रव्य अस्तरातच तयार होते आणि थोड्याच वेळात मोडले जाते. अॅस्पिरिनसारख्या गोळ्या वेदना थांबवतात त्या याच जातीच्या द्रव्यांची निर्मिती रोखून, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि त्याबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. गुडघ्याची कळ थांबते, पण जठरातला मुकादमही त्याच वेळी घरी पाठवला जातो. हा धागा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

भिंत आणि आम्ल यांचा तोल बिघडला, की अस्तराला खड्डा पडतो. त्यालाच आपण अल्सर किंवा जठरव्रण म्हणतो. हा खड्डा जठरात पडतो, तसाच लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातही पडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यावरचे सगळे उपचार आम्लाच्या बाजूने चालत. दर दोन तासांनी दूध, चमचाभर खडूची किंवा सोड्याची पूड, आणि नाहीच जमले तर जठराचा तुकडा कापून काढायचा. भिंतीच्या बाजूने कोणी विचारच करीत नव्हते. तो विचार सुरू झाला तो एका झाडाच्या मुळीमुळे.

ज्येष्ठमधाचे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियापर्यंत उगवते. आपल्या बाजारातला बराचसा माल त्याच बाजूने येतो. आपल्या वैद्यकात त्याला यष्टिमधु किंवा मधुक म्हणतात, आणि चरकसंहितेत व्रण भरून आणणाऱ्या द्रव्यांमध्ये त्याला मानाचे स्थान आहे. तिथे डोळ्यासमोर बाहेरच्या जखमा असतील, आतल्या असतील किंवा दोन्ही असतील. त्या वादात आपण शिरू नये. युरोपात ही मुळी खोकल्याच्या औषधात पडे आणि मुलांच्या गोळ्यांतही. हॉलंडमधल्या माणसांना तर काळ्या, खारवलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांचे वेड आहे. आपल्याला त्या तोंडात धरवणार नाहीत, आणि त्यांना आपले मिरचीचे लोणचे धरवणार नाही.

त्याच हॉलंडच्या उत्तरेला हीरेनव्हेन नावाचे एक लहान गाव आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. तिथल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की अल्सरचे काही रोगी चमत्कारिक वेगाने बरे होत आहेत. चौकशी करता कळले, की गावातला एक औषधविक्रेता त्यांना ज्येष्ठमधाच्या अर्काची तयारी देत होता. दुसरा कोणी डॉक्टर असता तर त्याने औषधविक्रेत्याला चार शब्द सुनावून विषय संपवला असता. रेव्हर्सनी तसे केले नाही. त्यांनी स्वतः तो अर्क रोग्यांना देऊन पाहिला. क्ष-किरणांच्या चित्रांत खड्डे भरून आलेले दिसले, आणि १९४६ साली त्यांनी ते डच वैद्यकीय नियतकालिकात छापले.

पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली. पाचांपैकी साधारण एका रोग्याच्या तोंडावर आणि पायांवर सूज येत होती. अर्क बंद केला, की सूज उतरे.

माझ्या मते या साऱ्या कथेतला मोलाचा क्षण तो हा. औषधाने खड्डा भरला म्हणून सूज झाकून ठेवली गेली नाही आणि सूज आली म्हणून औषध फेकूनही दिले गेले नाही. ॲम्स्टरडॅमचे डॉक्टर बोर्स्ट आणि त्यांचे सहकारी त्या सुजेच्या मागे लागले. ज्येष्ठमधाच्या अर्काने शरीरात मीठ आणि पाणी साचून राहते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो, असे त्यांना दिसले. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांचा मीठ धरून ठेवणारा जो स्राव आहे, तोच जणू कोणी बाहेरून टोचल्यासारखा हा परिणाम होता. १९५० साली त्यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या या ग्रंथी निकामी झालेल्या असतात अशा ॲडिसनच्या रोगाच्या माणसांवर तो अर्क उपचार म्हणून वापरूनही पाहण्यात आला. जठराचे औषध म्हणून शोधलेली मुळी मूत्रपिंडाशी बोलते आहे, हे त्यावरून उघड झाले.

पुढचे काम लंडनच्या बायोरेक्स या प्रयोगशाळेत झाले. ज्येष्ठमधाला गोडी देणारे द्रव्य म्हणजे ग्लिसिऱ्हायझिन. ते साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड असते. त्यापासून तिथल्या रसायनज्ञांनी कार्बेनॉक्सोलोन नावाचे औषध बनवले. ते पारखायला घेतले रिचर्ड डॉल यांनी. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते ज्यांनी सिद्ध केले, तेच हे डॉल. माणूस मोठा खडूस परीक्षक. याआधी त्यांनी अल्सरवरच्या पथ्यांची परीक्षा घेऊन, मऊ मिळमिळीत अन्नाने व्रण लवकर भरतो या समजुतीला आधार सापडत नाही, असे सांगितले होते. त्यांच्या हिशेबात जठरव्रणाला उपयोगी ठरल्या होत्या त्या दोनच गोष्टी : इस्पितळात अंथरुणावर पडून राहणे आणि धूम्रपान सोडणे. अशा माणसाने १९६२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की कार्बेनॉक्सोलोन घेणाऱ्यांचे जठरातले व्रण, ते न घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे लवकर भरतात, आणि तेही रोगी हिंडताफिरता असताना! कामधंदा सोडून आठवडेच्या आठवडे खाटेवर पडणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मध्यमवर्गीय वाचकाला समजावून सांगायला नको.

हे औषध आम्लाला फारसा हात लावीत नसे. ते भिंत बांधीत असे. श्लेष्म्याचा थर दाट होई, अस्तराच्या पेशी अधिक दिवस टिकत. नंतर असेही कळले, की प्रोस्टाग्लँडिनला मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला हे औषध थोपवून धरते. मुकादम लवकर घरी जात नाही, म्हणून काम अधिक होते.

आता मूत्रपिंडातली गंमत पाहा. आपल्या रक्तात कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक असते, आणि मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉनपेक्षा ते शेकडोपट अधिक असते. मूत्रपिंडातल्या ज्या कुलपात अल्डोस्टेरॉनची किल्ली फिरते, त्याच कुलपात कॉर्टिसोलचीही किल्ली सहज फिरते. मग सगळ्यांचेच अंग सुजून रक्तदाब का चढत नाही? कारण त्या दाराशी एक एन्झाइम पहारेकऱ्यासारखे उभे असते आणि आलेल्या कॉर्टिसोलचे दात मोडून त्याचे निरुपद्रवी कॉर्टिसोन करून टाकते. ज्येष्ठमध या पहारेकऱ्याला झोपवते. १९८७ साली एडिंबरोच्या डॉक्टरांनी हे उलगडून दाखवले आणि हॉलंडमधल्या त्या सुजेचे कोडे एक्केचाळीस वर्षांनी सुटले.

म्हणजे जठरात काय, मूत्रपिंडात काय, या मुळीची खोड एकच. शरीर जे मोडू पाहते, ते ती मोडू देत नाही. रसायनशास्त्रज्ञ सांगतात, की ही दोन्ही एन्झाइमे एकाच कुळातली आहेत. जठरात त्या खोडीला आपण गुण म्हणतो आणि मूत्रपिंडात अवगुण. तेव्हा 'वनस्पतीचे आहे, अपाय कसला होणार' असे जे सर्रास म्हटले जाते, त्याला ज्येष्ठमधाकडे मोठे सडेतोड उत्तर आहे.

गुण ठेवून अवगुण काढता येईल का, याचीही खटपट झाली. ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलेले ज्येष्ठमध बाजारात आले. आजही त्याच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. त्यांनी रक्तदाब चढत नाही हे खरे. पण व्रण भरण्याच्या बाबतीत परीक्षांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. १९७८ च्या एका इंग्रजी परीक्षेत त्या आणि नुसत्या पिठाच्या गोळ्या सारख्याच ठरल्या. १९८२ च्या दुसरीत, आम्लशामकांबरोबर दिल्यावर, त्या तेव्हाच्या नव्या औषधाच्या बरोबरीने उतरल्या. साप काढून घेतल्यावर टोपलीत काय उरले, यावर अजून एकमत नाही, एवढेच म्हणावे.

ते नवे औषध म्हणजे सिमेटिडिन. १९७६ साली ते आले आणि कार्बेनॉक्सोलोनचे दिवस भरले. आम्लाचा नळच बंद करणाऱ्या या गोळीबद्दल जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यापाठोपाठ ओमेप्राझोल आले, जे आज आपल्याकडे 'उपाशीपोटी घ्यायची गोळी' म्हणून घरोघरी ठाऊक आहे. आणि याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी वॉरन आणि मार्शल यांनी बहुतेक अल्सरांमागे एक जंतू असतो असे सांगून सगळ्यांना वेड्यात काढले. लोक पटवून घेईनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी त्या जंतूचा पेलाच पिऊन टाकला आणि स्वतःच्या जठराचा दाह करून दाखवला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज हा हेलिकोबॅक्टर जंतू सापडला, की प्रतिजैविके आणि आम्लशामक यांचा एकत्र कोर्स, बहुधा दोन आठवड्यांचा, देतात आणि व्रण परत उलटण्याचा संभव फार कमी होतो. ज्येष्ठमधातल्या काही द्रव्यांनी या जंतूला त्रास होतो असे काचेच्या बशीत दिसले आहे. पण काचेची बशी म्हणजे जठर नव्हे. चूर्ण खाऊन जंतू गेला असे समजून कोणी कोर्स अर्धवट सोडू नये.

मग भिंतीचा विचार आता जुना झाला म्हणायचा का? नाही. जंतू मारता येतो, पण मुकादमाला घरी पाठवणाऱ्या गोळ्या दिवसेंदिवस अधिक खपताहेत. माणसे जास्त जगतात, गुडघे तेवढे टिकत नाहीत, आणि हृदयासाठी म्हणून अॅस्पिरिनची लहान गोळी कित्येकांना रोजची झालेली असते. म्हणून भिंत राखणाऱ्या वनस्पतिद्रव्यांचा शोध थांबलेला नाही, आणि त्यात आपल्या देशाचाही हात आहे.

बनारस हिंदू विश्वविद्यालयात सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत केळ्याची परीक्षा आरंभली. पुढे १९८४ साली बर्मिंगहॅमच्या तिघा संशोधकांनी उंदरांना अॅस्पिरिन देऊन व्रण उठवले आणि कच्च्या केळ्याच्या वाळवलेल्या पुडीने ते टळतात, इतकेच नव्हे तर झालेले भरूनही येतात, असे दाखवले. अस्तर खरोखरच जाड होत होते. यातले एक कामाचे द्रव्य ल्यूकोसायनिडिन असल्याचे १९९९ मध्ये नोंदले गेले. यातली अट मात्र गृहिणींनी ध्यानात घ्यावी : केळे कच्चे हवे, भाजीच्या जातीचे हवे. पिकल्यावर तो गुण राहत नाही. तेव्हा वसईची सुकेळी कितीही रुचकर असली, तरी ती पिकल्या राजेळीची. तिला औषध म्हणून मिरवता येणार नाही. आणि कच्च्या केळ्याचे तळलेले वेफर्स खाऊन कोणी जठराचे संरक्षण करू म्हणेल, तर त्या चातुर्याचे कौतुक करावे आणि डबा काढून घ्यावा.

मुंबईलाही या शोधात एक मान आहे. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांना रेल्वेच्या नोकरीत देशभरातले रोगी दिसत. भात खाणाऱ्या प्रांतांत आतड्याच्या सुरुवातीचे व्रण अधिक आणि पोळी खाणाऱ्या पंजाबात ते कमी, असे त्यांनी १९६४ साली लिहिले. पुढे त्यांनी बऱ्या झालेल्या रोग्यांचे दोन लहान गट पाच वर्षे पाहिले. भात खाणाऱ्यांत शंभरी ८१ जणांचा व्रण उलटला, बिनचाळल्या गव्हाच्या पोळ्या खाणाऱ्यांत शंभरी १४ जणांचा. त्यांनी याचे श्रेय चावण्याला आणि लाळेला दिले. म्हैसूरला मिशनच्या रुग्णालयात काम केलेले इंग्रज शल्यचिकित्सक फ्रँक टोव्ही यांनी हाच धागा वेगळ्या बाजूने धरला. चावण्यात नव्हे, तर धान्याकडधान्यांतल्या स्निग्धांशात काही असावे असे त्यांना वाटले आणि उंदरांवरच्या प्रयोगांत ते खरेही ठरले. विशेष गुण दाखवणाऱ्या धान्यांत आपले कुळीथ होते! उलट तांदळाच्या कोंड्याचे तेल ताजे असता चांगले आणि शिळे झाले की अपायकारक, असेही त्यांना आढळले. हे अजून उंदरांच्या पलीकडे नीट पोचलेले नाही, पण कोकणातल्या ज्या घरांत आठवड्यातून दोनदा कुळथाचे पिठले होते, त्यांनी ते सोडण्याचे कारण दिसत नाही.

मिरचीची हकीकत सांगितली तर नागपूर-कोल्हापूरकडच्या वाचकांना उकळ्या फुटतील. १९९५ साली सिंगापुरात अठरा निरोगी माणसांना अॅस्पिरिनच्या आधी अर्धा तास वीस ग्रॅम मिरचीची पूड पाण्यातून दिली आणि नंतर दुर्बिणीने जठर पाहिले. नुसत्या पाण्यावर अॅस्पिरिन घेतल्यापेक्षा अस्तराला इजा कमी झालेली दिसली. तिखटातले कॅप्सायसिन जठराच्या मज्जातंतूंना डिवचते, त्यामुळे रक्तप्रवाह वाढतो, असा त्याचा अर्थ लावतात. मात्र ज्याला तिखटाने जळजळ होते त्याला ती होतेच, आणि असलेल्या व्रणावर ठेचा हा उपाय नव्हे.

आता पुन्हा आपल्या बरणीकडे येऊ. समजा, घरात सत्तरीच्या घरातले आजोबा आहेत. रक्तदाबासाठी सकाळी एक गोळी चालू आहे, तीही लघवी वाढवणारी. या गोळ्यांपैकी पुष्कळशा पोटॅशियम बाहेर घालवतात. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आहे. तिने पोटात जळजळ होते, म्हणून कोणीतरी सांगितले आणि ज्येष्ठमधाचे चूर्ण सकाळ-संध्याकाळ चमचाभर सुरू झाले. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर शहाणपणाची वाटते. एकत्र पाहा. गुडघ्याची गोळी जठराची भिंत पातळ करते आणि रक्तदाबही थोडा चढवते. ज्येष्ठमध मीठ साठवते आणि पोटॅशियम घालवते. रक्तदाबाची गोळी तेच पोटॅशियम आणखी घालवते. महिन्या-दोन महिन्यांत आजोबांचा रक्तदाब 'का कोण जाणे' चढलेला असतो, डॉक्टर गोळी वाढवतात आणि आजोबांना जिना चढताना पायांत जोर वाटेनासा होतो. पोटॅशियम फार उतरले, तर हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हा धोका दुप्पट समजावा.

मात्रेचा हिशेब अवघड नाही. युरोपातल्या शास्त्रीय समितीने नेहमीच्या सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन ही वरची मर्यादा सुचवली आहे. मुळीतले त्याचे प्रमाण कमीजास्त असते. शेकडा ४ धरले, तर तीन ग्रॅमच्या एका चमच्यात १२० मिलिग्रॅम झाले. दोन चमचे म्हणजे दुपटीहून अधिक. धडधाकट तरुणाने चार दिवस घेतले तर बिघडणार नाही. प्रश्न महिनोन्महिने घेणाऱ्यांचा आहे, आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचा. गरोदर स्त्रियांनीही ते नेमाने घेऊ नये.

दुसरी भीती मला अधिक मोठी वाटते. चूर्णाने, आणि खरे म्हणजे कोणत्याही शामक औषधाने, जळजळ निवते आणि माणूस निर्धास्त होतो. वेदनाशामक गोळ्यांनी झालेले व्रण म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा दुखतच नाहीत. पहिली खूण दिसते ती थेट रक्तस्रावाची. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे झाले, किंवा उलटीत कॉफीच्या गाळासारखे काही पडले, तर ते जठरातले जुनावलेले रक्त असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकट आणि डांबरी नसते. अशा वेळी चूर्ण नको, दूध नको, 'उद्या बघू' तर नकोच. त्याच रात्री इस्पितळ गाठावे. आपल्याकडे घरातली म्हातारी माणसे ही गोष्ट संकोचाने सांगत नाहीत. सुनेला कशी सांगायची, मुलाला कशाला त्रास, असे चालते. म्हणून आठवड्यातून एकदा घरातल्याच कोणीतरी विचारावे. त्याचप्रमाणे विनाकारण वजन उतरणे, घास अडकणे, थोडे खाऊन पोट गच्च होणे, हे पन्नाशीनंतर नव्याने सुरू झाले तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. ती पाच-दहा मिनिटांची असते आणि ऐकून वाटते तितकी भयंकर नसते.

डॉक्टरांकडे जाताना आपण गोळ्यांची पाकिटे बरोबर नेतो, पण चूर्णाची बरणी घरी राहते. 'दुसरे काही घेता का?' असे विचारले, तर 'नाही, बाकी सगळे घरचेच' असे उत्तर जाते. पुढच्या खेपेला तीही पिशवीत टाका. रक्तदाब अकारण चढलेला असेल आणि रक्तात पोटॅशियम कमी निघाले असेल, तर त्या बरणीमुळे डॉक्टरांचे अर्धे काम होईल. बहुतेकांच्या बाबतीत ज्येष्ठमध बंद केले की काही आठवड्यांत सारे पूर्वपदावर येते.

राहिला खोकला. घसा धरला असता कांडीचा बोटभर तुकडा दोनतीन दिवस चघळायला, रक्तदाब काबूत असलेल्यांना, हरकत नाही. पूड विकत घेण्यापेक्षा कांडीच घ्यावी. पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि गुंजेची मुळी ज्येष्ठमध म्हणून खपवण्याचा प्रकार जुना आहे. कांडी मोडून पाहावी : आतून पिवळी आणि तंतुमय असावी, किडीची भोके नसावीत, आणि जिभेवर ठेवल्यावर गोडी सावकाश चढून बराच वेळ रेंगाळावी.